एकवीस म्हणजे किती

फोटो काढायचे किती पैसे घ्यायचे, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. ते तोंडाने बोलायला त्याहून जास्त लागली, पण हा दुसरा भाग मी सहसा कुणाला सांगत नाही.

आमच्या घरात आकडा बोलत नाहीत. बाबा भिक्षुकी करतात. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर आहे, मंगला गौरीच्या देवळापासून पाच मिनिटांवर. महाराष्ट्रातून काशीला विधींसाठी येणारी बरीच मंडळी बाबांकडे येतात. काम संपलं की त्यांच्यातलं कुणीतरी चाचरत विचारतं, 'गुरुजी, दक्षिणा?' बाबा मान किंचित खाली घालतात आणि म्हणतात, 'यथाशक्ती.' मग लोक आपापली शक्ती ठरवतात. विमानाने येऊन तीन दिवस हॉटेलात राहिलेल्या माणसाची शक्ती एकशे एक रुपयांची निघते. स्लीपरच्या डब्यातून आलेल्या शाळामास्तरणीची अकराशेची निघते. बाबा दोन्ही एकाच चेहऱ्याने उपरण्याच्या टोकात बांधतात. लहानपणी मला तो चेहरा शांत वाटायचा. पुढे मला त्याचा राग यायला लागला.

राग येण्याचं कारण मामा. तो रेल्वेत होता आणि निवृत्त होईपर्यंत युनियनचं काम करत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या क्वार्टरमध्ये बसून मी पत्रकांच्या घड्या घालायचे. गुलाबी, पिवळा, अगदी हलका कागद. शाई बोटांना लागायची आणि आमरसाच्या वाटीला लागायची. बाकीची मुलं गोष्टी वाचत होती तेव्हा मी ओव्हरटाइमचे नियम वाचत होते. मजुरी ही कुणाची मेहेरबानी नसते, हे मला दहाव्या वर्षी पाठ होतं, आणि जेवायला वाढताना आईने 'पुरे का' विचारलं तरी मी हक्काची भाषा बोलायचे. विद्यापीठात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. लायब्ररीच्या वेळा, मुलींच्या हॉस्टेलचं फाटक, सफाई कामगारांचा थकलेला पगार. दुसऱ्याच्या पगाराबद्दल मी एका बैठकीत दोन पानं लिहू शकत होते.

मग शिकवण्या करून साठवलेल्या पैशांत एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि ओळखीच्या घरांत फोटो काढायला जायला लागले. बारशाचे मिळाले एक ब्लाउजपीस आणि नारळ. साखरपुड्याचं पाकीट, आत दोनशे एक्कावन्न. वास्तुशांतीला पेढे. एका आठवड्यात घरात चार नारळ आले आणि आईने दोन दिवस वड्या थापल्या. प्रत्येक वेळी 'तुझं किती?' असं कुणीतरी विचारलं होतं. प्रत्येक वेळी माझं तोंड उघडलं आणि बाबांचा आवाज बाहेर पडला. द्याल ते.

गेल्या वर्षी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन काशीत करायचं ठरलं होतं. वयाची एक्याऐंशी वर्षं, हजार पौर्णिमा पाहून झाल्याचा सोहळा. पूजा बाबा सांगणार होते. त्यांच्याकडूनच माझ्याबद्दल कळलं होतं. पहिल्या दिवशी गंगापूजन, दुसऱ्या दिवशी होम, संध्याकाळी चंद्रोदयाला एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण. दोन्ही दिवसांचे फोटो हवे होते. 'तुझे दर काय आहेत ते कळव गं,' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दर. मला कुणी हा शब्द वापरून विचारलं नव्हतं. मी रात्रभर बसून एक कागद लिहिला आणि सकाळी मामाकडे नेला. त्याने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. पहिल्या परिच्छेदात कलेचं श्रम म्हणून स्थान होतं, दुसऱ्यात फुकट कामाच्या प्रथेचा निषेध, तिसऱ्यात स्त्रियांच्या अदृश्य कामाचा उल्लेख.

"हे पत्रक झालं," मामा म्हणाला. "यात दर कुठंय?"

दर सगळ्यात खाली होता, बारीक अक्षरात, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.

मामाने कागद उलटा केला आणि पाठीवर हिशोब मांडायला लावला. दोन दिवस उभं राहायचं. मग सहा दिवस बसून हजारभर फोटोंतून निवडायचे, त्यांचा उजेड आणि रंग सुधारायचे. म्हणजे आठ दिवसांची रोजी. रोजी किती, तर शिकलेल्या इलेक्ट्रिशियनपेक्षा कमी नको. कॅमेऱ्याची झीज वेगळी. एखादी बॅटरी, एखादं मेमरी कार्ड मेलं तर त्याची सोय वेगळी. वीस हजार आणि वर थोडे असा आकडा आला. मी त्याचे एकवीस हजार केले. कारण सांगायला आज लाज वाटते. एकवीस हा आकडा बाबांना बरा वाटेल म्हणून. तिथेच मी माती खाल्ली.

दुसरी चूक त्याच संध्याकाळी केली. बाई फोनवर म्हणाल्या, मी गुरुजींशी पूजेचं बोलणारच आहे, तुझंही त्यांच्याशीच बोलून घेते. मी लगेच 'चालेल' म्हणाले. मानेवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. बाबांना मी आकडा सांगितला, हजार हा शब्द स्पष्ट उच्चारून सांगितला. ते फक्त एवढं म्हणाले की मंगलकार्याच्या घरी आकड्याची चर्चा तू करू नकोस, मी सांगतो. दोन दिवसांनी मी विचारलं, सांगितलंत का? सांगितलं, म्हणाले. काय म्हणाल्या? 'हो म्हणाल्या.'

त्या रात्री मी मामाला फोन करून जिंकल्यासारखी बोलले.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला पंचगंगा घाटावर नाव ठरवायची होती. एक नाव मंडळींसाठी त्यांनीच ठरवली होती. मला त्यांचे फोटो पाण्यावरून हवे होते, म्हणून दुसरी छोटी नाव. नाववाल्याने दोन तासांचे बाराशे सांगितले. मागेपुढे न बघता सांगितले, दोरी सोडता सोडता. मी म्हटलं, इथलीच आहे, पाहुणी नाही, आठशे. तो हजारावर आला. मी आठशेला चिकटले. शेवटी तो हसला, आठशेला तयार झाला आणि वल्हं उचलताना म्हणाला, "हमारा तो आपने काट दिया, दीदी. अपना किसी को बताया है अभी तक?"

त्याने हे सहज म्हटलं होतं. तो माझ्या वडिलांना ओळखत होता, आमच्या घरात कोण काय कमावतं हे घाटावर सगळ्यांना माहीत असतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही. पण दोन तास पाठीमागे त्याचं वल्हं वाजत राहिलं आणि मी एकही फ्रेम मोकळ्या मनाने घेतली नाही. दुसऱ्यांच्या पगारावर पत्रकं लिहिणाऱ्या मुलीने सकाळी सहाला एका माणसाची चारशे रुपयांची मजुरी कापली होती, आणि तिला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं, त्याने टोमणा मारेपर्यंत.

फोटो मात्र चांगले आले. एक्याऐंशी वर्षांचे आजोबा दोघांच्या आधाराने पाण्याकडे वाकले तेव्हा त्यांच्या हातातली फुलं आधी खाली पडली आणि ते स्वतःशीच हसले. ते मला मिळालं. सूनबाईंना, म्हणजे पुण्याच्या त्या बाईंना, मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना काकू म्हणायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी, मंडळी उतरली होती त्या धर्मशाळेच्या खालच्या दालनात होम झाला. खिडकी एकच, धूर भरपूर, डोळ्यांतून पाणी. दुपारी जेवणं उरकली. चारच्या सुमाराला बाबा खाली दिवे मांडत होते, एक्याऐंशी वाती एकेक करून तुपात बुडवत होते. आजोबा खुर्चीत बसून ते बघत होते. मी जिन्यात बसून बॅटरी बदलत होते. काकू वरून हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि माझ्या शेजारच्या पायरीवर टेकल्या. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते.

"तुझं पण तयार करून ठेवलंय बघ," त्या म्हणाल्या. "एकवीसशे सांगितले होते गुरुजींनी, मी पंचवीसशे घातलेत. फार मन लावून करतेस गं."

त्या मनापासून बोलत होत्या, आणि तेच वाईट होतं.

मी म्हटलं, एकवीस हजार. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्या हसायला लागल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. गुरुजी फोनवर शब्दशः 'मुलीला एकवीस द्या' म्हणाले होते. हजार नाही, शे नाही, नुसतं एकवीस.

"गुरुजींच्या तोंडून एकवीस ऐकल्यावर कुणाला हजार वाटेल का?" त्यांनी विचारलं. "मला तर आधी एकवीस रुपयेच वाटले. मग म्हटलं, नाही, शे असणार."

त्यांचं बरोबर होतं. अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. आमच्या घरात हे आकडे पैशांचे नाहीतच, ते पूजेच्या सामानातले आहेत, सुपारी आणि हळकुंडासारखे. मीच तो आकडा निवडला होता, आणि मीच तो बाबांच्या हातात दिला होता.

"आणि तू का नाही बोललीस?" काकूंनी विचारलं. "माझा नंबर तुझ्याकडे होता. मी दर विचारला होता तुला."

बॅग माझ्या पायाशी उघडी होती. कॅमेरा आत ठेवायचा, चेन ओढायची, वरच्या दाराने गल्लीत निघून जायचं. चंद्र उगवायला दीड तास होता. मी गेले असते तर औक्षणाचे फोटो नातवंडांच्या फोनवर निघाले असते, धुरकट आणि हललेले, आणि ती संध्याकाळ पुन्हा आली नसती. बाबांचं यजमानांचं घर तुटलं असतं. एकच नाही, कारण ही घरं एकमेकांना सांगून येतात. आणि नसते गेले, पाकीट घेऊन नमस्कार केला असता, तर पुढची वीस वर्षं मी द्याल तेच घेत राहिले असते, हे मला त्या पायरीवर अगदी लख्ख दिसत होतं. इतकी वर्षं वाचलेल्या पत्रकांत याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. पत्रकात समोरचा माणूस नेहमी मालक असतो. इथे सुजलेल्या पायांची एक बाई होती, आणि तिने ठरल्यापेक्षा चारशे रुपये जास्त घातले होते.

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मला ओळखू आला नाही. म्हटलं, काल आणि आज दुपारपर्यंतच्या कामाचे एकवीसशेच. तुम्हाला जे सांगितलं गेलं तेच खरं, न सांगितलेला दर मी मागणार नाही. वरचे चारशे काढून घ्या. संध्याकाळचं मात्र आता मी सांगते. औक्षण, चंद्रपूजन, सगळ्यांचे एकत्र फोटो, आणि ते नीट करून देणं. आठ हजार. नको असेल तर आत्ता सांगा. मी बॅग उचलते, आतापर्यंतचे फोटो तुम्हाला मिळतील.

"चंद्र उगवायला दीड तास असताना हे बरं सुचलं," काकू म्हणाल्या.

हे लागलं, कारण ते खरं होतं. वेळेचा तो चिमटा माझ्या हातात होता आणि मला तो दिसत होता.

त्यांनी मांडीवरचा पाकिटांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाल्या, सहा. ज्या सुरात मी आदल्या सकाळी आठशे म्हटलं होतं, अगदी त्याच सुरात. त्यात दुष्टपणा नव्हता, नुसती सवय होती. आपला माणूस आहे, थोडं कापलं तर चालतं, ही सवय.

"आठ," मी म्हटलं. यात काही शौर्य नव्हतं. आणखी एक शब्द बोलले तर घसरत दोनवर येईन, एवढंच मला कळत होतं.

काकू उठल्या. पैसे सासऱ्यांचे होते, त्यामुळे त्यांना विचारायला हवं होतं. मी त्यांच्यामागे खाली गेले. आजोबांनी मंत्रांच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून सकाळपासून कानाचं यंत्र बंद ठेवलं होतं. काकू त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात काही बोलल्या. आजोबा म्हणाले, काय? काकू पुन्हा बोलल्या. फोटोचे. संध्याकाळचे. आजोबा म्हणाले, किती? काकूंनी दालनात एकदा नजर फिरवली, श्वास घेतला, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की आठ हजार.

बाबांच्या हातातली वात तुपाच्या वाटीवर तशीच राहिली. मागच्या दारात भांडी घासणारे आचारी वळून बघायला लागले. आमच्या घरातला आकडा इतक्या मोठ्याने मी कधी ऐकला नव्हता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते काकूंना म्हणाले, "चूक माझी आहे. तिने मला हजार सांगितलं होतं. मी हजार म्हटलं नाही."

"मग म्हणायचं की हो, गुरुजी," आजोबा म्हणाले. त्यांनी आता यंत्र चालू केलं होतं. "द्या तिला. फक्त फोटोत हे कानातलं दिसू देऊ नकोस, बाळ."

कुणीतरी हसलं. काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी गठ्ठ्यातून माझं पाकीट काढून बाजूला ठेवलं. मला वाटलं संपलं. पण आजोबा बाबांकडे वळले.

"तुमचंही सांगून टाका, गुरुजी. सूनबाई पाकिटं भरतेच आहे. तिला बरं पडेल."

बाबांचं तोंड उघडलं. मी कॅमेरा छातीशी धरून उभी होते आणि माझी बोटं त्याच्या पट्ट्यात रुतली होती. मला वाटत होतं, म्हणा. एकदा म्हणा. आठशे म्हणा, आठ हजार म्हणा, काहीही म्हणा. दालनात कुणीही हलत नव्हतं. चुकीचं काही नव्हतं, कुणी चिडलेलं नव्हतं, एका म्हाताऱ्या माणसाने सरळ प्रश्न विचारला होता आणि सगळे सरळ उत्तराची वाट बघत होते.

"आमचं यथाशक्ती," बाबा म्हणाले आणि दिव्यांवर वाकले.

त्या संध्याकाळचे फोटो मी काढलेल्या फोटोंतले सगळ्यात चांगले आहेत. हे मी गर्वाने सांगत नाही. मी इतकी संतापले होते की हात अजिबात हलत नव्हता. एक्याऐंशी ज्योती, त्यांच्यामागे आजोबांचा चेहरा, डावीकडून, म्हणजे यंत्र दिसणार नाही. गच्चीवरून चंद्र दिसला तेव्हा सगळे वर बघत होते आणि बाबा खाली पळीतून पाणी सोडत होते. तोही फोटो मी घेतला. काकूंनी निघताना मला दोन वेगवेगळी पाकिटं दिली, एकावर पेनाने 'कालचे' आणि दुसऱ्यावर 'आजचे' लिहिलेलं होतं. पाठीवर हात ठेवला नाही. मला तो हवा होता, हेही मी लिहून ठेवते.

घरी परत येताना आम्ही दोघंच होतो. बाबांच्या खांद्यावर तांदळाची आणि नारळांची पिशवी, माझ्या खांद्यावर बॅग. गल्लीतली दुकानं अजून उघडी होती, लोक रबडी खात उभे होते. मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि ती चांगली जुळत होती. तुम्ही माझी दोन दिवसांची मजुरी एका शब्दासाठी घालवली. तुमच्या संकोचाची किंमत मी का द्यायची. तुम्हाला तोंडावर विचारलं तरी तुम्ही मान खाली घातलीत. तीन परिच्छेद तयार झाले होते.

बाबाच आधी बोलले. म्हणाले की फोनवर ते हजार म्हणायला गेले होते. एकदा नाही, दोनदा. एकवीसपर्यंत नीट आले, आणि पुढे शब्द आलाच नाही.

"मला आजवर कुणी असं हजारांत दिलेलं नाही गं," ते म्हणाले. "त्यामुळे मागताना वाटलं, मी खोटं बोलतोय. बाई ओळखतील."

माझे तिन्ही परिच्छेद जागच्या जागी राहिले. मी लहानपणापासून समजत होते की बाबांचं 'यथाशक्ती' हे तत्त्व आहे, आणि म्हणून मी त्याच्याशी भांडत आले होते. तत्त्वाशी भांडायला मला शिकवलेलं होतं.

थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "आज आजोबांना खरं सांगायचं असतं, तर किती म्हणाला असतात?"

त्यांनी एका सायकलीला वाट दिली. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दोन दिवसांचे?"

"दोन दिवसांचे. पहाटेपासूनचे."

ते चालता चालता अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होते, जप करताना मोजतात तशी. गल्लीचं वळण आलं आणि गेलं.

"पाच," ते म्हणाले.

"पाच काय, बाबा?"

ते थांबले. मागेपुढे बघितलं. जवळपास ओळखीचं कुणी नव्हतं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "हजार."

मला ते कमी वाटले. मी काही बोलले नाही.